दहापैकी सहा

आरशाचा दांडा दाढेवर हलकेच टकटकवत दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आता किती?" तोंडात कापसाचे बोळे, जिभेखाली नळीची सुरसुर, डोळ्यांवर तो पिवळा दिवा. बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून मी बोटं वर केली. सहा. त्यांनी कागदावर आकडा टिपला आणि शेजारच्या दाढेकडे वळल्या. झालं एवढंच. पण जबडा बधिर होऊन मी छताकडे बघत पडले तेव्हा तो सहा माझ्या डोक्यातून जाईना. सहाच का? पाच का नाही? मी तो कशाशी ताडून पाहिला होता? आणि डॉक्टरांनी तो वाचला तेव्हा त्यांच्या मनात कुणाचा सहा आला असेल, त्यांच्या स्वतःच्या कधीकाळी दुखलेल्या दाढेचा, की माझ्याआधी त्या खुर्चीत बसून गेलेल्या माणसाचा? कागदावर सगळे सहा सारखेच दिसतात. पण माझ्या सहाशेजारी दुसऱ्या कुणाचा सहा आणून ठेवावा आणि बघावं, अशी जागा कुठेच नाही.

रात्री हे मी फोनवर एका जुन्या मित्राला सांगितलं. ओठ अजून जड होते, शब्द एका बाजूने सांडत होते. या माणसाला वादाची पहिल्यापासून खुमखुमी, त्यात मी आयतं कोलीत हातात दिलं. "सहा की पाच हे सोड," तो म्हणाला, "तुला दुखतंय हेच मला कशावरून कळणार? आणि दुखणं सोड, तू आहेस हे तरी कशावरून? आवाज येतोय, बस. त्या आवाजाच्या आत कुणीतरी बसलंय हे मी आपलं धरून चाललोय." मी म्हटलं, हा तर सॉलिप्सिझम झाला, म्हणजे फक्त माझंच मन आहे, बाकी सगळं त्याच्या आतलं, हे मत. तो म्हणाला, "हो. खोडून दाखव." त्यानंतर बरेच आठवडे आमचं हेच चाललं. तो मनापासून सॉलिप्सिस्ट आहे असं मला एकदाही वाटलं नाही. पण मनापासून नसलेल्या माणसाकडूनही वाद हरता येतो, ही त्यातली मेख.

लहानपणी मला एक खोड होती. चालता चालता मी अचानक गर्रकन मागे वळून बघायची. माझी पाठ फिरली की मागचं सगळं मिटून जातं आणि मी वळतेय असं दिसलं की घाईघाईने परत मांडलं जातं, असा मला दाट संशय होता. पुरेशा वेगाने वळलं तर एखादा कोपरा मांडायचा राहून गेलेला सापडेल, असं वाटायचं. कधीच सापडला नाही. संशय मात्र त्यामुळे जरासुद्धा कमी झाला नाही. उलट, मांडणारा फारच चपळ आहे एवढंच सिद्ध झालं. या मताचं सगळं सामर्थ्य या पोरकटपणात आहे. कुठलाही पुरावा आणा, तो पुरावाही माझ्याच अनुभवात येणार. मग तो अनुभवाच्या बाहेर काही आहे याची साक्ष कशी देणार?

पहिले काही दिवस मी लाथ मारण्याचा मार्ग धरला. तत्त्वज्ञ बर्कलीच्या मते वस्तू म्हणजे मनातल्या कल्पना; ते मत ऐकून १७६३ साली इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनने एका मोठ्या दगडावर पाय हाणला आणि म्हणाला, मी हे असं खोडतो. त्याचा चरित्रकार बॉस्वेलने ते लिहून ठेवलंय. तत्त्वज्ञ जी. ई. मूरने १९३९च्या व्याख्यानात दोन्ही हात वर करून दाखवले: हा एक हात, हा दुसरा, म्हणजे निदान दोन बाह्य वस्तू आहेत. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवाद्यांना, म्हणजे सगळं जाणीवच आहे म्हणणाऱ्या बौद्धांना, असंच झापलंय. तुम्ही म्हणता आतलंच 'बाहेरच्यासारखं' भासतं; पण बाहेर असं काही मुळातच नसेल तर 'बाहेरच्यासारखं' हे तरी कशावरून म्हणता? विष्णुमित्र वंध्यापुत्रासारखा, म्हणजे वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कुणी म्हणतं का? मला तिघांतलं हे शेवटचं सर्वांत आवडतं, कारण त्यात पाय दुखत नाही आणि मुद्दाही धारदार आहे. मित्राने तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळले. दगड आहे, हात आहेत, सगळं आहे, मी नाही कुठे म्हणतो? त्यांना बघणारं दुसरं कुणी आहे का, एवढंच माझं विचारणं आहे.

मग ठेवणीतला बाण: अरे, तू हा वाद घालतोयस कुणाशी? बर्ट्रंड रसेलने १९४८च्या एका पुस्तकात क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन या तर्कशास्त्रज्ञ बाईंच्या पत्राची हकिकत सांगितली आहे. मी सॉलिप्सिस्ट आहे आणि बाकीचे कुणीच कसे नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. हसून झाल्यावर लक्षात येतं की या विनोदाने काहीच खोडलं जात नाही. स्वप्नात माणूस भांडतो, हरतो, समोरच्याच्या टोमण्याने वरमतो, आणि जागा झाल्यावर टोमणाही स्वतःचाच निघतो. वाद घालणं विसंगत दिसतं, पण विसंगत वागणारा माणूस खोटंच बोलत असतो असं थोडंच आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरने या मताला सरहद्दीवरच्या छोट्या किल्ल्याची उपमा दिली होती: तो जिंकता येत नाही हे खरं, पण आतल्या शिबंदीलाही बाहेर पडता येत नाही, तेव्हा त्याला वळसा घालून खुशाल पुढे जावं. हे मत खरोखर मानणारा फक्त वेड्यांच्या इस्पितळात सापडेल आणि त्याला युक्तिवाद नको, इलाज हवा, असंही त्याचं म्हणणं. मला हे पळवाटेसारखं वाटतं. किल्ल्याला वळसा घातला तरी पाठीमागे तो आहे हे डोक्यात राहतंच.

तिसरा मार्ग सगळ्यात समंजस दिसतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१मध्ये लिहिलंय की खिडकीतून खाली बघताना मला दिसतात त्या फक्त टोप्या आणि डगले. आत यंत्रंही असू शकतील, पण माणसं आहेत असा मी निर्णय करतो. हा निर्णय कशाच्या जोरावर? जॉन स्टुअर्ट मिलने १८६५मध्ये उत्तर दिलं: माझ्यासारखंच शरीर, माझ्यासारखंच वागणं, म्हणून मधली कडीही माझ्यासारखीच. भाजल्यावर मी हात मागे घेते कारण मला दुखतं. तोही घेतो, म्हणजे त्यालाही. ऐकायला बरं वाटतं, पण हा अनुमानाचा डोलारा एकाच उदाहरणावर उभा आहे, आणि ते उदाहरण मी. एक पेटी उघडून पाहायची आणि जगातल्या बाकीच्या सगळ्या पेट्यांत तेच आहे म्हणायचं, असलं अनुमान दुसऱ्या कुठल्या विषयात केलं तर आपणच नापास करू. हे मीच मित्राला सांगितलं, त्याने विचारायच्या आधी. वादात कधीकधी प्रामाणिकपणाची उबळ येते.

गंमत म्हणजे हीच झटापट आपल्याकडे हजार ते चौदाशे वर्षांपूर्वी फार निगुतीने होऊन गेली आहे. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने 'संतानांतरसिद्धि' लिहिली. माझ्या चित्तप्रवाहाखेरीज दुसरे चित्तप्रवाह आहेत हे सिद्ध करणारा छोटा ग्रंथ. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी भाषांतर उरलं. सगळं विज्ञानच, म्हणजे जाणीवच, आहे असं मानणाऱ्या परंपरेतून बोलतानाही तो म्हणतो की माझं बोलणं-चालणं माझ्या इच्छेमागून येतं हे मला ठाऊक आहे. जे बोलणं-चालणं दिसतं पण माझ्या इच्छेमागून आलेलं नाही, त्याच्यामागे दुसरी इच्छा असली पाहिजे. मग अकराव्या शतकात विक्रमशिला या बौद्ध विद्यापीठातला रत्नकीर्ती उठतो आणि 'संतानांतरदूषण' लिहून ते पाडतो. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटात शोधलेल्या पोथ्यांमुळे त्याचे संस्कृत निबंध आज वाचायला मिळतात. तो विचारतो, दुसऱ्याची इच्छा जर कधीच दिसत नाही, तर तिचा आणि त्या हालचालीचा संबंध तुम्ही पाहिला कधी? धूर आणि आग निदान एकदा तरी एकत्र पाहिलेली असतात. पुढचं तर आणखी पेचाचं: माझा प्रवाह आणि परका प्रवाह यांच्यात सीमा आहे म्हणता, ती सीमा कोणाला कळते? सीमा कळायला दोन्ही बाजू दिसायला हव्यात, आणि मला एकच दिसते. पण म्हणून तो 'फक्त मी आहे' असं म्हणून थांबत नाही. सीमा गेली की 'परका' जातो, आणि 'परका' गेला की 'माझा' या म्हणण्यालाही काही आधार उरत नाही. मित्र हे वाचून दोन दिवस गप्प होता. त्याला 'मी' गमवायचा नव्हता.

त्याच दिवसांत मला माझा त्यातल्या त्यात बरा मुद्दा सुचला. समज, सगळं तुझ्याच मनात आहे. मग त्या मनात तुला न येणाऱ्या हजारो भाषा आहेत, व्याकरणासकट. तुला न सुटलेली गणितं आहेत आणि ती सोडवलेली उत्तरंही आहेत, जी तपासली की बरोबर निघतात. तुला बुद्धिबळात तेरा चालींत हरवणारा कुणीतरी आहे. तुझ्या मनाविरुद्ध दुखणारं गुडघ्याचं हाड आहे. या सगळ्यावर तुझी मुळीच सत्ता नाही, तुझ्या जन्माआधीचे त्याचे हिशेब जुळतात आणि तू झोपलास तरी ते चालू राहतं. आता तू ज्याला 'माझं मन' म्हणतोयस त्याला बाकीचे लोक जग म्हणतात. पाटी बदलली, माल तोच. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनच्या १९२१च्या पहिल्या पुस्तकात हेच फार थोड्या शब्दांत आहे: सॉलिप्सिझम शेवटपर्यंत नेला की तो निखळ वास्तववादाशी येऊन मिळतो, 'मी' आक्रसत आक्रसत लांबी-रुंदी नसलेला बिंदू होतो आणि उरतं ते सगळं वास्तव. मित्र म्हणाला, "म्हणजे आपण दोघं एकच म्हणतोय. मग बिघडलं कुठे?"

घोडं पेंड खातं ते इथे.

कारण पाटी बदलली तरी दगड तसाच राहतो, गणित तसंच राहतं, बुद्धिबळातली हारही तशीच राहते. एकच गोष्ट तशी राहत नाही, ती म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. सगळं त्याच्या मनात असेल तर माझी दाढ आहे, माझा सुजलेला गाल आहे, वर केलेली सहा बोटं आहेत. फक्त दुखणं कुणाचंच नाही, कारण त्याला तर दुखत नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू या मतात सुखरूप राहते आणि जगातली प्रत्येक वेदना, एक सोडून, नाहीशी होते. म्हणून हे मत खोडता येतं की नाही यापेक्षा, ते कुणाच्या बाबतीत आपण न बोलता पाळत असतो, हे मला जास्त छळायला लागलं.

मित्राला अर्धशिशीचा त्रास आहे. कळ उठायच्या आधी त्याचा डावा डोळा किंचित बारीक होतो आणि तो वाक्यं अर्धवट सोडायला लागतो. एकदा वाद अगदी रंगात आला असताना तसं झालं. मी उठून दिवा मालवला, मग लक्षात आलं की त्याने अजून काही म्हटलेलंच नाही. यात अनुमान कुठे होतं? डोळा बारीक झाला, याआधी असं झालं होतं, माझ्यासारखं शरीर, तस्मात् वेदना असावी, असा एकही जिना मी चढले नव्हते. विट्गेन्श्टाइन उत्तरायुष्यात म्हणायचा की समोरच्याला आत्मा आहे असं माझं 'मत' नसतं. माझी त्याच्याकडे बघण्याची रीतच ती असते. आणि म्हणायचा, खऱ्या प्रसंगात दुसऱ्याच्या भीतीवर, वेदनेवर शंका घेऊन बघा. दाढेबाबतही तेच. ठणका, कळ, चमक, शिणक, ठसठस, चुरचुर: हे सगळे शब्द मी माझ्या आत डोकावून बनवले नाहीत. मी पडले, रडले, तेव्हा कुणीतरी जखमेकडे बघून म्हणालं, "चुरचुरतंय का गं?" आणि तेव्हापासून ते चुरचुरणं झालं. दुसऱ्या कुणाला माझी वेदना कळणं अशक्य असतं तर मला तिच्यासाठी एकही शब्द मिळाला नसता. मग "मला दुखतंय, बाकीच्यांचं माहीत नाही" हे वाक्य बोलायलासुद्धा मी त्या बाकीच्यांची ऋणी. मित्राच्या मते हा मुद्दा बिनतोड नाही: शब्द शिकवणारेही स्वप्नातले असतील. असोत बापडे.

पण अशी रीत सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ नवजात बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, नाममात्र भूल देऊन किंवा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत होत्या. मज्जासंस्था पुरती घडलेली नाही, जे दिसतं ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, शिवाय भुलीचा धोका मोठा, अशी कारणं होती, आणि देणारे लोक दुष्ट नव्हते. बाळ हलू नये म्हणून स्नायू लुळे करणारं औषध देत. म्हणजे हलता येत नाही, रडता येत नाही, आणि हलत-रडत नाही म्हणून आत काही चालू आहे असं दिसतही नाही. ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी चाचणी छापली. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना नेहमीच्या औषधांसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळली आणि नंतरच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त निघाल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजातांनाही भूल द्यायला हवी असं जाहीर केलं. १९८७. देकार्तच्या डगल्यांना तोवर साडेतीनशे वर्षं होत आली होती. हे वाचल्यावर मी मित्राला फोन केला नाही. त्या दिवशी वादाची चैन नको वाटली.

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर पाच महिने कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर; मग, घरातल्या खोल्यांतून फिरतेय अशी कल्पना कर. प्रत्येक वेळी निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग उजळतात तेच तिच्यात उजळले. पापणीही न हलवता ती सूचना पाळत होती. २०२४मध्ये छापलेल्या मोठ्या पाहणीत सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद सापडला. चौथा हिस्सा. उरलेल्या १८१ जणांच्या आत काही नाही, असं यातून निघत नाही. त्यांनी सूचना पाळल्याची खूण मिळाली नाही, एवढंच निघतं. ज्यांना आपण डगला समजून शेजारी उभं राहून बोलत होतो, त्यांच्यातले किती जण ऐकत होते कोण जाणे.

हे सगळं ऐकून मित्राने परवा अनपेक्षित बाजूने चाल केली. गणितज्ञ ट्यूरिंगने १९५०च्या लेखात लिहिलंय की यंत्र विचार करतं याची खात्री हवी तर तुम्हाला ते यंत्रच व्हावं लागेल, आणि मग माणसांबद्दलही तेच म्हणावं लागेल, म्हणजे सॉलिप्सिझम. तो टाळण्यासाठी आपण सगळेच विचार करतो असं सौजन्याने धरून चालतो. "मग आता बोलणारी यंत्रं आलीत," मित्र म्हणाला. "उद्या एखादं म्हणालं, मला दुखतंय, दहापैकी सहा, तर? मला काही अडचण नाही. माझ्या लेखी तू आणि ते सारखेच. दोघांनाही सौजन्य देतो. तुझं काय?" मी ताडकन म्हटलं, नाही. त्याला शरीर नाही, मज्जासंस्था नाही, तो आपल्याच बोलण्याचा पडसाद आहे, आतून काही नसताना बाहेर आलेली प्रतिक्रिया. तो म्हणाला, "मज्जासंस्था पुरती नाही, नुसती प्रतिक्रिया. बाळांबद्दल हेच म्हणत होते ना?"

मी म्हटलं, बाळ आपल्यासारखं आहे. तेच रक्त, तीच संप्रेरकं, म्हणून तर रक्तात ती दिसली. "म्हणजे मिल," तो म्हणाला, "एका पेटीवरून सगळ्या पेट्या. तो तर तू नापास केला होतास." मी म्हटलं, पेटी एक असेना का, सुतार तोच असेल तर फरक पडतो, आणि शब्दाचं म्हणशील तर बाळाने 'दुखतंय' हा शब्द शिकायच्या आधीच ते रडतं, यंत्राने शब्दच आधी शिकलाय. या दुसऱ्या मुद्द्यावर तो थोडा घुटमळला. मग म्हणाला की रडणं आधी आणि शब्द नंतर हा क्रम का महत्त्वाचा, ते नीट लिहून पाठव, तोंडी नको. अर्धं पान झालंय.